दूरचे यंत्र, जवळचे चित्र

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर आणि तिरुचिरापल्ली ही दोन नगरे परस्परांपासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर वसलेली आहेत. मराठी वाचकाला तंजावर परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची गादी होती. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह जपून ठेवलेला आहे. तिरुचिरापल्लीशी महाराष्ट्राचा जो संबंध येथे सांगावयाचा आहे तो मात्र अगदी अलीकडचा होय. तेथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत २५ मे २०२२ रोजी 'परम पोरुळ' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. हे यंत्र उभारले ते पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेने. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला होता. 'परम पोरुळ' त्याच मालिकेतील आहे. त्याची क्षमता ८३८ टेराफ्लॉप्स, म्हणजे एका सेकंदात सुमारे ८३८ लाख कोटी आकडेमोडी करण्याची आहे.

एवढे यंत्र कोणाच्याही टेबलावर मावणार नाही, आणि प्रत्येक महाविद्यालयाला ते घेणेही परवडणार नाही. म्हणून त्याचा उपयोग दुरूनच करावयाचा असतो. समजा, तंजावरातील एका विद्यार्थिनीला अशा यंत्राचा उपयोग करण्याची परवानगी मिळाली आहे. तिचा अभ्यासविषय आहे प्रथिनाचा एक रेणू. रात्रभर यंत्राने गणित केले, उत्तरे तयार झाली. आता तो रेणू डोळ्यांनी पाहावयाचा, हवा तसा फिरवावयाचा, त्याची खाच कोठे आहे ते शोधावयाचे. ती आपल्या साध्या संगणकावरून तिरुचिरापल्लीच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करते, रेणू दाखविणारी आज्ञावली सुरू करते, आणि पडद्यावर रेणूऐवजी एक ओळ उमटते: 'डिस्प्ले उघडता येत नाही.' दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते, पण आत नुसता काळोख. तिसऱ्या दिवशी रेणू दिसतो, परंतु माऊस हलविल्यानंतर तो फिरावयास सहा सेकंद लागतात.

अशा वेळी जाणकार म्हणविणारा एखादा सहाध्यायी सल्ला देतो, "हा सारा त्या सुरक्षिततेचा उपद्रव आहे. ती काढून टाक, म्हणजे सगळे सुरळीत चालेल." हा सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही आहे. तो चुकीचा का, आणि खरा दोष शोधावा कसा, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागेल: चित्र काढण्याचे काम नेमके कोणत्या गावी होत आहे?

सर्व्हर कोणाकडे?

लिनक्स अथवा युनिक्स जातीच्या संगणकांवर खिडक्या दाखविण्याची जी पद्धती दीर्घकाळ रूढ आहे तिचे नाव 'एक्स विंडो सिस्टिम'. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी तिचा पाया घातला, आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज अनेक लिनक्स संगणकांवर 'वेलँड' ही नवी पद्धती आली असली, तरी एक्ससाठी लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या तिच्याही घरात एका मध्यस्थाच्या साहाय्याने चालतात.

या पद्धतीत एक गोष्ट नवशिक्याला हमखास गोंधळात टाकते. 'सर्व्हर' म्हटले की आपल्या मनापुढे दूरचे, मोठे, थंड खोलीत ठेवलेले यंत्र उभे राहते. एक्समध्ये याच्या उलट आहे. पडदा, कळफलक आणि माऊस ज्याच्या ताब्यात आहेत तो सर्व्हर. कारण पडदा पुरविण्याची सेवा तो करतो. पडद्यावर काही काढू इच्छिणारी आज्ञावली ही त्याची ग्राहक, म्हणजे क्लायंट. आपल्या उदाहरणात सर्व्हर तंजावरच्या टेबलावर आहे आणि ग्राहक तिरुचिरापल्लीच्या महासंगणकावर. ग्राहक सांगतो, "येथे रेघ काढा, येथे ही अक्षरे लिहा," आणि सर्व्हर ते पडद्यावर काढतो.

यातून पहिला व्यावहारिक धडा मिळतो. तंजावरच्या संगणकावर असा सर्व्हर मुळी चालूच नसेल, तर तिरुचिरापल्लीकडून कितीही आज्ञा आल्या तरी त्या ऐकणार कोण? लिनक्सच्या संगणकावर सर्व्हर बहुधा असतोच. विंडोजवर किंवा मॅकवर तो निराळा बसवावा आणि जोडणीपूर्वी सुरू करावा लागतो. 'डिस्प्ले उघडता येत नाही' या तक्रारीचे हे अगदी साधे आणि तितकेच विसरले जाणारे कारण आहे.

कुलूपबंद बोगदा

आरंभीच्या काळी हे संभाषण उघड्या वाटेने होत असे. पासवर्डही उघडाच जाई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी पासवर्ड चोरून ऐकण्याचा प्रकार केला. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'सिक्युअर शेल', संक्षेपाने 'एसएसएच', ही पद्धती निर्माण केली. दोन संगणकांमध्ये जणू एक कुलूपबंद बोगदा तयार होतो. आतून जाणारे प्रत्येक अक्षर कूटबद्ध असते आणि वाटेत ऐकणाऱ्याला निरर्थक आकड्यांपलीकडे काही मिळत नाही. आज जगभर सर्वाधिक वापरात असलेली 'ओपनएसएसएच' ही तिची आवृत्ती १९९९ पासूनची आहे.

चित्रांच्या खिडक्याही याच बोगद्यातून नेता येतात. त्याची युक्ती मोठी सुबक आहे. बोगद्याच्या तिरुचिरापल्लीकडील तोंडाशी एसएसएच एक खोटा पडदा उभा करते. त्याला सामान्यतः दहा हा क्रमांक मिळतो, आणि 'डिस्प्ले' नावाच्या टिपणात त्याचा पत्ता लिहिला जातो. आज्ञावलीला वाटते, पडदा येथेच, याच यंत्रावर आहे. ती त्याला आज्ञा देते. त्या आज्ञा बोगद्यातून तंजावरला पोहोचतात आणि खऱ्या पडद्यावर चित्र उमटते. परवानगीचा परवाना म्हणून 'कुकी' नावाचा एक गुप्त आकडा लागतो. एसएसएच खरा आकडा तंजावरच्या बाहेर जाऊच देत नाही. दूरच्या यंत्राला ती एक बनावट आकडा देते, आणि तो बोगद्यातून परत आला की घरच्या तोंडाशी त्याच्या जागी खरा आकडा ठेवते.

ही युक्ती ध्यानात घेतली म्हणजे पुष्कळ दोषांचा उलगडा आपोआप होतो. एखाद्या जुन्या पुस्तकातील सूचनेप्रमाणे विद्यार्थ्याने 'डिस्प्ले'चा पत्ता स्वतःच्या हाताने बदलला, की आज्ञावली बोगद्याचे तोंड सोडून भलत्याच दाराशी जाते. महासंगणकावरील आपल्या वाट्याची साठवणीची जागा भरून गेली असेल, तर कुकी लिहून ठेवण्यास स्थळच उरत नाही. मग पडदा नाकारला जातो, आणि जागेच्या टंचाईशी या दोषाचा संबंध असेल अशी शंकाही कोणास येत नाही. कुकी हाताळणारी 'एक्सऑथ' ही लहानशी आज्ञावली दूरच्या यंत्रावर नसली तरी हेच घडते. शिवाय ओपनएसएसएचमध्ये चित्रे पाठविण्याची ही सोय मूळच्या मांडणीत बंद ठेवलेली असते. व्यवस्थापकाने ती दूरच्या यंत्रावर चालू केली पाहिजे, आणि वापरणाऱ्यानेही जोडणी करताना ती मागितली पाहिजे.

महासंगणकाच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. बाहेरून आलेला मनुष्य प्रथम पोहोचतो तो यंत्राच्या देवडीवर, म्हणजे प्रवेशसंगणकावर. खरे गणित आतल्या संगणकांवर होते. बोगदा देवडीपर्यंतच येऊन थांबला आणि आज्ञावली मात्र आतल्या दालनात चालू झाली, तर मधला टप्पा कोणी जोडावयाचा? तो निराळा मागावा लागतो. कामांची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेत त्यासाठी सोय ठेवलेली असते.

चित्रकार येथे की तेथे?

आतापर्यंत साध्या खिडक्यांचा विचार झाला. रेणू, इमारत, वादळाचा भोवरा यांसारख्या घन आकृतींची गोष्ट वेगळी आहे. घन आकृती संगणकात लक्षावधी लहान त्रिकोणांनी बनलेली असते. ती किंचित फिरविली तरी प्रत्येक त्रिकोण कोठे दिसेल, त्यावर उजेड किती पडेल, कोण कोणाच्या आड जाईल, हे सारे नव्याने मोजावे लागते. या कामासाठी ग्राफिक्स कार्ड हे स्वतंत्र उपकरण असते, आणि त्याला आज्ञा देण्याची सर्वमान्य भाषा म्हणजे 'ओपनजीएल'. अमेरिकेतील सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली.

आज्ञावली आणि ग्राफिक्स कार्ड एकाच यंत्रात असले तर काही अडचण नसते. परंतु आज्ञावली तिरुचिरापल्लीस आणि पडदा तंजावरास असेल, तर चित्र कोणी काढावे? येथे तंजावरच्या इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल. दुसरे सरफोजी राजे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली. त्यांच्या काळातील नेत्रचिकित्सेची टिपणे सरस्वती महालात आहेत, आणि त्यांसोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. अशा एखाद्या डोळ्याची स्थिती परगावच्या वैद्याला कळवावयाची आहे असे समजू. त्याला दोन मार्ग होते. एक, डोळ्याचे बारीकसारीक वर्णन लिहून पाठवावे आणि परगावच्या चित्रकाराने त्यावरून चित्र काढावे. दुसरा, रुग्णाशेजारी बसलेल्या चित्रकाराने चित्र काढावे आणि ते तयार चित्रच धाडावे.

एक्सच्या आरंभीच्या काळात पहिला मार्ग स्वीकारला गेला. ओपनजीएलच्या आज्ञा बोगद्यातून तंजावरला येत आणि तेथील ग्राफिक्स कार्ड चित्र काढी. याला अप्रत्यक्ष चित्रण म्हणतात. त्या काळी आकृती लहान होत्या, आणि एकदा पाठविलेले वर्णन पडद्याकडील यंत्र जपूनही ठेवी. म्हणून हा मार्ग सोयीचा होता. पुढे आकृती मोठ्या झाल्या. ओपनजीएलमध्ये नव्या शक्ती आल्या, पण या जुन्या मार्गाला त्यांपैकी फार थोड्या पेलल्या. शिवाय हा मार्ग हाताळणाऱ्या जुन्या भागात सुरक्षिततेचे दोषही सापडले. म्हणून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्स सर्व्हरच्या १.१७ या आवृत्तीपासून अप्रत्यक्ष चित्रण मूळच्या मांडणीतच बंद करण्यात आले. काल चालणारी आज्ञावली संगणक अद्ययावत केल्यावर आज का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा येथे असते.

हा मार्ग आज किती तोकडा पडतो ते एका हिशेबाने कळेल. आकृतीत १० लाख त्रिकोण आहेत असे धरू. प्रत्येकाला तीन कोन. प्रत्येक कोनाचे स्थान सांगण्यास तीन आकडे आणि त्याचा पृष्ठभाग कोणीकडे वळला आहे हे सांगण्यास आणखी तीन. एका आकड्याला ४ बाइट या मानाने एका कोनाचे २४ बाइट झाले, आणि सर्व आकृतीचे ७ कोटी २० लाख. सेकंदास १०० मेगाबिट वाहून नेणारी तार दर सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइट नेते. म्हणजे वर्णन प्रत्येक वेळी नव्याने पाठवावे लागले, तर एका चित्राला पावणेसहा सेकंद लागतील. आपल्या विद्यार्थिनीचे सहा सेकंद हेच.

आता तयार चित्राचा हिशेब पाहू. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर एकंदर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर चित्र सुमारे ६२ लाख बाइटांचे होते. त्याच तारेतून अशी सेकंदाला दोनच चित्रे जातील. परंतु चित्र आवळून धाडता येते. ते वीस पटींनी आवळले, तर तीन लाखांच्या आसपास बाइट उरतात आणि सेकंदाला चाळीस चित्रे जाऊ शकतात. चित्र सलग फिरताना दिसण्यास एवढी पुरेशी आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्रिकोण दहा लाख असोत वा दहा कोटी, पडद्यावरील बिंदूंची संख्या तीच राहते. वर्णन वाढत जाते; चित्र वाढत नाही.

दोष शोधण्याचा क्रम

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. येथेही एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आणि सोप्यापासून कठिणाकडे जावे.

पहिली परीक्षा साध्या घड्याळाची. एक्सबरोबर 'एक्सक्लॉक' नावाचे एक छोटे घड्याळ मिळते. दूरच्या यंत्रावर ते सुरू करावे. तंजावरच्या पडद्यावर घड्याळ दिसले, तर सर्व्हर, बोगदा आणि परवाना या तिन्ही गोष्टी निर्दोष आहेत असे निश्चित समजावे. घड्याळ दिसले नाही, तर घन आकृतीचा विचार तूर्त सोडून द्यावा आणि वर सांगितलेली कारणे एकेक करून पाहावीत: पडदा पुरविणारा सर्व्हर चालू आहे काय, खिडक्यांची सोय दोन्ही टोकांना दिलेली आहे काय, 'डिस्प्ले'चा पत्ता कोणी बदलला आहे काय, साठवणीची जागा भरली आहे काय. एसएसएचला सविस्तर बोलावयास सांगितले तर ती प्रत्येक पायरीची नोंद दाखविते. बहुतेक वेळा दोषाची ओळ त्या नोंदीतच सापडते.

घड्याळ आरंभी दिसले, पण वीस मिनिटांनी नवी खिडकी उघडेनाशी झाली, तर तो दोष नसून नियम आहे. एसएसएचला खिडक्या आणण्याची आज्ञा दोन प्रकारे देता येते. '-एक्स' या पर्यायात दूरच्या आज्ञावलीला परक्या पाहुण्यासारखे वागविले जाते: काही दालने तिला बंद असतात आणि तिच्या परवान्याची मुदत सामान्यतः वीस मिनिटांची असते. '-वाय' या पर्यायात तिला घरच्या माणसाप्रमाणे मोकळीक मिळते. घन चित्रणाची सोय बंद दालनांपैकी असल्यामुळे पहिल्या पर्यायात ती नाकारली जाऊ शकते. काही लिनक्स वितरणांत मात्र दोन्ही पर्यायांचा अर्थ एकच ठेवलेला आहे. तेव्हा आपल्या यंत्रावर काय आहे ते आधी पाहून घ्यावे.

दुसरी परीक्षा दातेरी चाकांची. 'जीएलएक्सगिअर्स' ही आज्ञावली तीन रंगीत चाके फिरवून दाखविते. घड्याळ दिसते आणि चाके दिसत नाहीत, याचा अर्थ वाट उत्तम आहे, पण घन चित्र काढणारा चित्रकार जागेवर नाही. चाके फिरताना खाली सेकंदाला किती चित्रे झाली याचा आकडा येतो. त्यावरून यंत्राची योग्यता ठरवू नये. चाकांची परीक्षा चित्रकार आहे की नाही एवढे सांगते, तो किती कुशल आहे ते सांगत नाही.

तिसरी परीक्षा चित्रकाराच्या नावाची. 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञावली ओपनजीएलची सारी माहिती छापून देते. तीत 'प्रत्यक्ष चित्रण: होय' असे दिसले की नवशिका समाधान पावतो. हे समाधान फसवे असू शकते. ग्राफिक्स कार्ड न मिळाल्यास आजच्या प्रणाली तेच काम संगणकाच्या सर्वसाधारण प्रोसेसरकडून करवून घेतात, आणि तरीही 'होय' असेच छापतात. म्हणून पुढची ओळ वाचावी. तेथे चित्रकाराचे नाव असते. ग्राफिक्स कार्डाचे नाव असेल तर उत्तम; 'एलएलव्हीएमपाइप' असे असेल, तर कार्ड स्वस्थ बसले आहे आणि प्रोसेसर घाम गाळीत आहे असे समजावे. चित्र बरोबर येईल, पण सावकाश.

मंदपणाचे दोन प्रकार

चित्र येते पण मंद गतीने, हा सर्वांत अवघड दोष होय. कारण तो दोन अगदी भिन्न कारणांनी होतो. पहिले कारण तारेची वाहकता, म्हणजे एका सेकंदात किती माल जातो हे. दुसरे कारण फेरीचा काळ, म्हणजे प्रश्न पाठवून उत्तर येण्यास किती वेळ लागतो हे.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तंजावर ते तिरुचिरापल्ली या फेरीला त्याला एक सहस्रांश सेकंदही लागत नाही. पण महासंगणक पुण्यात असेल, तर सरळ रेषेतील अंतरच सुमारे १,००० किलोमीटर आहे. जाऊन येण्यास दहा सहस्रांश सेकंद तरी हवेत, आणि तारा वळणावळणाने जातात म्हणून प्रत्यक्षात अधिक. एक्सच्या कित्येक आज्ञावल्या खिडकी उघडताना शेकडो प्रश्न एकामागून एक विचारतात, आणि एकाचे उत्तर आल्यावाचून दुसरा विचारीत नाहीत. तीनशे प्रश्नांना दहा सहस्रांशांप्रमाणे तीन सेकंद झाले. यावर अधिक क्षमतेची तार घेऊन उपयोग नाही. रस्ता रुंद केल्याने गाव जवळ येत नाही.

दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. खिडकी ओढून लहान करावी. चित्र तत्काळ चपळ झाले, तर अडचण चित्रबिंदूंची आहे: ते काढण्यास प्रोसेसरला किंवा वाहण्यास तारेला जड जात आहेत. खिडकी लहान करूनही फरक पडला नाही, तर अडचण फेऱ्यांची किंवा त्रिकोणांच्या वर्णनाची आहे. एसएसएचला मजकूर आवळून पाठविण्यास सांगता येते. मंद तारेवर त्याने लाभ होतो. वेगवान तारेवर आवळण्याचाच वेळ वाढून तोटा होऊ शकतो.

चित्रकाराला तेथेच बसवावे

या साऱ्या विचाराचे पर्यवसान दुसऱ्या मार्गात होते. 'परम पोरुळ'मध्ये ग्राफिक्स कार्डांनी युक्त असे संगणक आहेतच. रेणूचे आकडेही तेथेच आहेत. मग चित्रही तेथेच काढावे आणि तंजावरला तयार चित्र धाडावे हे उत्तम. 'व्हर्च्युअलजीएल' ही आज्ञावली नेमके हेच करते. २००४ पासून ती सर्वांना खुली आहे. ओपनजीएलच्या आज्ञा तारेवर जाण्यापूर्वीच ती त्यांना अडविते, तेथल्याच ग्राफिक्स कार्डाकडे वळविते आणि झालेले चित्र उचलून पाठविते. मूळ आज्ञावलीत एक अक्षरही बदलावे लागत नाही. तिच्या जोडीला 'व्हीएनसी' ही पद्धती वापरली, तर दूरच्या यंत्रावर एक पूर्ण पडदा जिवंत राहतो. त्यामुळे एक्सच्या शेकडो फेऱ्या त्या यंत्राच्या आतल्या आतच होतात. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली, तरी काम नाहीसे होत नाही. पुन्हा जोडणी करावी आणि जेथे थांबलो तेथून पुढे जावे. 'पॅराव्ह्यू'सारख्या वैज्ञानिक चित्रणाच्या आज्ञावल्या याहून पुढे गेल्या आहेत. आकृती लहान असेल तर त्या वर्णन घरी पाठवितात, मोठी असेल तर चित्र दूरच्या यंत्रावरच काढून घेतात.

कुलूप काढू नये

आता त्या सहाध्यायाच्या सल्ल्याकडे वळू. आपण दोषांची एवढी मोठी यादी पाहिली. तीत कूटलेखनाचा भार हे कारण कोठेच आले नाही. आजचे प्रोसेसर कूटलेखन इतक्या वेगाने करतात की सामान्य तारेवर ते जाणवतही नाही. चित्र न येण्याचे कारण बहुधा चुकलेला पत्ता, हरवलेला परवाना किंवा भलत्या गावी बसलेला चित्रकार हे असते. कुलूप काढल्याने यांतील एकही दुरुस्त होत नाही.

काढल्याने काय बिघडते हे मात्र सांगितलेच पाहिजे. 'एक्सहोस्ट' या आज्ञेपुढे केवळ अधिकचे चिन्ह लिहिले की आपला पडदा सर्वांना खुला होतो. ही सूचना अनेक जुन्या टिपणांत आढळते. एक्सची रचना विश्वासू मंडळींच्या प्रयोगशाळेत झाली. म्हणून ज्याला पडद्यावर काढण्याची मुभा मिळते त्याला पडदा पाहण्याचीही मुभा मिळते, आणि कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ ऐकण्याचीही. विद्यार्थिनीला रेणूचे चित्र आत यावयास हवे असते. त्याच खिडकीतून तिचा पासवर्ड बाहेर जाऊ शकतो. '-वाय' या पर्यायातही दूरच्या यंत्राला हीच मोकळीक मिळते, फक्त ती त्या एका यंत्रापुरती असते. म्हणून ज्या यंत्राच्या व्यवस्थापकांवर विश्वास आहे तेथेच तो वापरावा. व्हीएनसीचे दारही उघड्या जाळ्यावर ठेवू नये. तेही एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावे.

यात हानी केवळ एकाची होत नाही. महासंगणकावर शेकडो अभ्यासक एकत्र काम करतात. एकाचा पासवर्ड चोरीस गेला, तर व्यवस्थापकांना सर्वांचीच दारे काही काळ बंद करावी लागतात. एखाद्याने एका चित्रासाठी केलेली घाई दुसऱ्याच्या कित्येक दिवसांच्या कामाआड येते.

देशातील मोठी यंत्रे मोजक्याच ठिकाणी राहणार, आणि त्यांचा उपयोग करू इच्छिणारी बुद्धी मात्र गावोगावी असणार. त्या दोहोंमधील वाट जितकी निर्धोक, तितका लहान गावातील अभ्यासक मोठ्या नगरातील अभ्यासकाच्या बरोबरीला येईल. तंजावरच्या विद्यार्थिनीने प्रथम घड्याळ पाहिले, मग चाके पाहिली, मग चित्रकाराचे नाव वाचले. ते नाव प्रोसेसरचे निघाले. तिने व्यवस्थापकांना पत्र लिहून ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक मागून घेतला, आणि चित्र तेथेच काढविले. बोगद्याचे कुलूप जागच्या जागी राहिले, आणि रेणू तिच्या बोटाबरोबर फिरू लागला.